लेप सुकेपर्यंत

मी आणि माझी बायको, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे सुंठ उगाळणं. पाणी तिचं, हात माझा, अशी आमची रीत होती. ती चमच्याने सहाणेवर एकेक थेंब सोडायची आणि मी सुंठेचा तुकडा गोल गोल फिरवायचो. थेंब जास्त झाले तर लेप पातळ होतो, कपाळावरून डोळ्यात उतरतो. कमी पडले तर सुंठ नुसती खरखरते. तिला त्याचा अंदाज होता. मला कधी आला नाही.

त्या संध्याकाळी तिचा पहिला थेंब सहाणेच्या बाहेर पडला. दुसराही बाहेरच.

"नीट बघ की," मी म्हणालो.

"बघते हाय," ती म्हणाली, आणि तिसरा थेंब माझ्या मनगटावर सोडला.

मी हसलो. म्हटलं, "म्हातारी झालीस." ती तेव्हा चाळिशीचीसुद्धा पुरती नव्हती.

मग लेप लावला. आधी भुवयांच्या वर, मग दोन भुवयांच्या मधे, मग नाकाच्या दोन्ही अंगांना. डाव्या भुवईच्या खाली, पापणीवर, आदल्या दिवसापासून लाल होतं आणि फुगलं होतं. तिथे मी मुद्दाम जाड थर दिला. लेप ओला असतानाच तिने हात वर केला. तिला काहीतरी सांगायचं होतं.

"गप. सुकू दे," मी म्हणालो.

तिने हात खाली घेतला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. त्यानंतर आम्ही मिळून काही केलं नाही. पाचव्या दिवशी ती गेली.

लेप सुकेपर्यंत बोलायचं नाही हा नियम तिच्या आईचा. बोललं की कपाळ हलतं, कपाळ हललं की लेपाला तडा जातो, आणि तडा गेलेला लेप आतली घाण ओढत नाही, असं ती म्हणायची. सासूबाई माकुणसारच्या. तिथल्या वाडीतली सुपारी उतरवून येणारे लोक कपाळ धरून त्यांच्या ओट्यावर बसलेले मी लग्नाआधीच पाहिले होते. लग्नात त्यांनी मुलीला ही सहाण दिली. मी चारचौघांत म्हणालो होतो, "लोक सोनं देतात, मला धोंडा मिळाला." सासूबाईंनी तिथल्या तिथे सुनावलं. "जावयबापू, सोनं मोडून खाल. धोंडा काय तुमच्याने मोडायचा नाय."

मी शिरगावचा. आमची वाडी चार भावांत वाटली तेव्हा माझ्या वाट्याला विहिरीकडचा कोपरा आला. तेवढ्यावर दोन माणसं जगत नाहीत. म्हणून बोईसरला कारखाने उठू लागले तसा मी तिकडे गेलो. चौथी शिकलेल्याला जे काम देतात ते मला मिळालं. रंगाचा कारखाना होता. पिंपातली पूड फावड्याने भट्टीत टाकायची, तोंडाला फडकं बांधायचं, सांगतील तेव्हा बाजूला व्हायचं. तारापूरच्या वाटेवर एका चाळीत खोली भाड्याने घेतली. मागे निरगुडीचं कुंपण, त्याच्या पलीकडे ओहोळ. त्या ओहोळाचं पाणी एक दिवस गुलाबी असायचं, दुसऱ्या दिवशी पिवळं. आमची मुलगी लहान होती. ती त्यात काडी बुडवून रंग बघायची. आई तिला ओढून घरात घ्यायची.

दोन वर्षांत माझं नाक गेलं. म्हणजे श्वास चालायचा, वास यायचा नाही. आधी मला वाटलं कारखान्याची सवय झाली. मग एकदा दिव्यात रॉकेल ओतताना अर्धी बाटली लुंगीवर सांडली आणि मला कळलंसुद्धा नाही. पाळीवरच्या एका बिहारी गड्याला सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा ही हुआ भैया, इधर नाक किसको चाहिए." आम्ही दोघं हसलो. डॉक्टरला दाखवायचं माझ्या मनातही आलं नाही. वासावाचून काय अडतं, असं वाटायचं.

तिचं नाक तिसऱ्या हिवाळ्यात बसलं. दिवाळीनंतर थंडी पडली की तिथला धूर वर जात नाही, खालीच बसून राहतो. सकाळी उठली की तिचं कपाळ जड. ऊन चढेल तसं कपाळ चढायचं, दुपारी भांडी घासायला वाकली की डोळ्यांच्या मागून कोणी दाबतंय असं व्हायचं, आणि ऊन उतरलं की उतरायचं. गालाच्या हाडावर बोट ठेवलं तरी ओरडायची. नाकातून पिवळं यायचं, कधी काहीच यायचं नाही. काहीच यायचं नाही ते वाईट.

सासूबाई पिशवी घेऊन आल्या आणि आठ दिवस राहिल्या. त्यांनी मला शिकवलं, तिला नाही. म्हणाल्या, "आजाऱ्याने सोताचं औषध सोता करायचं नसतं." ओवा तव्यावर भाजून फडक्यात पुरचुंडी बांधायची, ती गरम असताना हुंगायची, गालावर आणि कपाळावर शेकायची. कुंपणाची निरगुडी ओरबाडून पातेल्यात उकळायची, पातेलं खाली उतरवून ठेवायचं, आणि डोक्यावरून गोधडी घेऊन वाफ घ्यायची. चूल बाजूला केल्यावरच गोधडी, हे त्यांनी मला तीनदा म्हणून दाखवायला लावलं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ टाकून ते एका नाकपुडीने ओढायचं आणि दुसरीने सोडायचं. झोपताना गावठी तुपाचा एकेक थेंब. आणि दुखणं फार वाढलं तर सुंठ, वेखंड उगाळून लेप.

खोटं कशाला लिहू, गुण यायचा. पहिल्या वेळी तिसऱ्या दिवशी तिचं डावं नाक शिट्टी वाजल्यासारखं सुटलं. ती गोधडीतून लालबुंद तोंड बाहेर काढून बसली होती. मी नुकताच पाळीवरून आलो होतो. माझ्याकडे बघून म्हणाली, "वास येतो."

"कसला?"

"तुमच्या सदऱ्याचा."

मला वाटलं घामाचा म्हणते. ती म्हणाली, घामाचा नाही, कडू काहीतरी, घशात जातो. तिने सदरा काठीने उचलून बाहेरच्या बादलीत टाकला. त्या दिवसापासून माझे कपडे ती वेगळे धुवायची, बाहेर, तोंडाला पदर बांधून. पण धुवायची तीच. आठवड्याने नाक पुन्हा बंद. पुढच्या सगळ्या वर्षांत हेच चाललं. तिचं नाक उघडायचं, पहिला वास माझ्या सदऱ्याचा यायचा, आणि मग ते मिटायचं. मला हे दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

दोघांनाही वास येत नसला की घर कसं चालतं ते सांगतो. एकदा ओले बोंबील दोन दिवस टोपाखाली राहिले. ती म्हणाली, "हुंगून बघा." मी म्हणालो, "तू बघ." दोघांनी हुंगलं. दोघांनाही काही कळलं नाही, म्हणून कालवण केलं. शेजारची कोळीण दारातूनच ओरडली. ती घिवलीची, नवऱ्याच्या नोकरीसाठी इकडे आलेली आणि सकाळी टोपली घेऊन फिरणारी. आत आली आणि टोप उचलून थेट ओहोळात ओतून आली. "तुमचे घरान नाक भाड्याने आणा गो कोनी तरी," म्हणाली. पुढे कित्येक दिवस ती येता-जाता विचारायची, "वयनी, नाक मिळालं काय भाड्याचं?" आणि माझी बायको म्हणायची, "तुजंच देऊन जा की, लांब हाय चांगलं."

हळूहळू मी लेप करण्यात तरबेज झालो. चाळीतले लोक येऊ लागले. पाळीवरचे गडी यायचे, त्यांच्या बायका यायच्या. रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर दोन-तीन माणसं कपाळाला लेप लावून, तोंडं मिटून, ओळीने बसलेली असायची आणि ती आतून हसू दाबत चहा टाकायची. लोक म्हणत, ह्याच्या हाताला गुण आहे. कारखान्यात मला कोणी विचारत नव्हतं. इथे विचारत होते. ते मला आवडायचं.

थंडीत ती महिनाभर माकुणसारला गेली की बरी व्हायची. लेप नाही, पाला नाही, काही नाही. नुसती बरी. परत आली की तिसऱ्या दिवशी कपाळ धरायची. एकदा तिने सरळच म्हटलं.

"आपण शिरगावला राहू. विहिरीकडे दोन खोल्या काढू. तुमी येऊन-जाऊन करा."

"पहिल्या पाळीला तिकडून कोण पोचतो?"

"तुमचे पुतणे तिथनंच कामाला येतात ते कशे पोचतात?"

 भावांच्या दारात परत जाऊन राहायचं मला जिवावर येत होतं, हे खरं उत्तर होतं. मी म्हणालो, "तुझा लेप आहे ना? कशाला घाबरतेस?" त्यानंतरही ती दर वर्षी एकदा विचारायची, दिवाळीनंतर. मी दर वर्षी लेप दाखवायचो.

तिच्या शेवटच्या वर्षाच्या आधीच्या वर्षी आम्ही दवाखान्यात गेलो होतो. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी तिच्या गालावर, कपाळावर ठोकून पाहिलं, नाकात दिवा लावून पाहिला. आम्ही घरी काय करतो ते विचारलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "वाफ घ्या, मिठाचं पाणी घ्या, चांगलं आहे. लेपाने आत काही होत नाही, पण शेकल्यासारखं बरं वाटत असेल तर लावा." मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "पण नीट ऐका. डोळ्याच्या वर सूज आली, ताप आला, एकाच्या जागी दोन दिसायला लागलं, मान आखडली, यातलं एक जरी झालं तरी घरी थांबायचं नाही. एक दिवससुद्धा नाही. लगेच आणायचं."

"हो बाई," मी म्हणालो.

गोळ्या दिल्या त्या तिने पाच दिवस घेतल्या. मी रस्त्यात लोकांना सांगत सुटलो, बाईंनी आपलंच औषध सांगितलं. अर्धं मी उचललं आणि अर्धं तिथेच टेबलावर ठेवून आलो.

मग शेवटच्या वर्षी पावसाळा संपल्यावर मागची निरगुडी वाळली. निरगुडी वाळत नाही. तोडा, छाटा, गुरांसमोर टाका, गुरं तोंड लावत नाहीत, ती पुन्हा फुटते. ही मुळापासून करपली. ओहोळाच्या अंगाची आधी, मग घराच्या अंगाची. पानं हातात घेतली की चुरा व्हायचा. तिने तो चुरा बोटांत धरून बराच वेळ पाहिला आणि मला म्हणाली, "आता पाला कुठचा आणणार?"

"माकुणसारहून आणीन," मी म्हणालो. रविवारी जाऊन पोतंभर आणला. तो उशीत भरला, उरलेला वाफेला ठेवला. पण त्या हिवाळ्यात वाफेने काही सुटलं नाही. ओव्याने सुटलं नाही. मिठाचं पाणी एका नाकपुडीने आत जायचं आणि बाहेर यायचंच नाही.

शेवटच्या आठवड्यात कोळीण बोंबील द्यायला आली आणि उंबऱ्यात थांबली. तिने माझ्या बायकोच्या तोंडाजवळ तोंड नेलं.  मग मला बाजूला घेतलं.

"भावजी, वयनीच्या नाकाला वास येतो हाय. घाण. मेल्या जनावराचा. तुमाला नाय येत?"

"मला काहीच येत नाही, तुला माहीत आहे."

"मंग कोनाचं तरी ऐका. डाक्टरकडे न्या."

मला ते लागलं. माझ्या बायकोला घाण वास येतो म्हणून कोळणीने मला सांगावं, असं वाटलं. मी म्हणालो, "सुंठ-वेखंडाचा असेल. तू तुझी मासळी बघ." ती टोपली उचलून गेली. दोन दिवस आली नाही.

त्या दोन दिवसांत डाव्या पापणीवर लाली चढली. लेपाने कातडी लाल होते, आठ वर्षं मी ते बघत आलो होतो. पोळल्यासारखी लाल होते आणि दुसऱ्या दिवशी उतरते. माझ्या हिशेबी लाल म्हणजे गुण. सासूबाईंचा शब्दच होता, लाल आलं की ओढलं म्हणावं. त्या तेव्हा हयात नव्हत्या. असत्या तर एका नजरेत त्यांनी ओळखलं असतं, कारण त्यांनी पापणीला कधीच लेप लावला नव्हता. कपाळ आणि नाक, बस्स. पापणीवर मी माझ्या मनाने लावला. सूज दिसली तिथे थर चढवला, आणि सूज वाढली तेव्हा म्हटलं, लागू पडतोय.

म्हणून मी आता ज्याला-त्याला सांगतो. वाफ घ्या, ओवा हुंगा, मिठाचं पाणी ओढा, गरम कांजी प्या, धुरापासून लांब जाऊन राहा. ते सगळं चांगलं आहे, मी स्वतः घेतो. पण डोळा सुजला की हे सगळं बाजूला ठेवा आणि उठा.

त्या संध्याकाळच्या लेपानंतर दुसऱ्या दिवशी तिला मासळीच्या टेम्पोतून पालघरला नेलं. कोळणीनेच टेम्पो थांबवला, रिकाम्या टोपल्या रस्त्यावर फेकल्या आणि तिला आत निजवलं. कोळीण त्या दुपारी आमच्याकडे आली होती. भांडण मिटवायला निवडलेला जवळा घेऊन आली होती. दार नुसतं ओढलेलं होतं. माझी बायको तशीच निजून होती, कपाळावरचा लेप वाळून पांढरा पडलेला, त्याला एकही तडा नव्हता. हाका मारल्या तरी डोळे उघडले नाहीत. मला कारखान्याच्या फाटकावर निरोप आला. मी पोचलो तेव्हा पालघरच्या इस्पितळात डॉक्टर ओल्या कापसाने तिचा चेहरा पुसत होते.

"हा लाल रंग किती दिवस आहे?" त्यांनी विचारलं.

"लेपाचा आहे," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा पुसलं. लेप सगळा निघाला होता. लाल तसंच होतं, आणि पापणी उघडतच नव्हती.

"हा लेपाचा नाही. वास कधीपासून येतोय?"

"मला वास येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग तिची मान उचलून पाहायला गेले. मान वाकली नाही, तिचा अख्खा खांदा वर आला. नाकाच्या मागची घाण मेंदूपर्यंत गेली होती, असं त्यांनी मला सोप्या शब्दांत सांगितलं.  त्यांनी सुया टोचल्या, जे करायचं ते केलं. आमची मुलगी सासरहून आली तेव्हा आई तिला ओळखत नव्हती.

ते सहाणेच्या बाहेर पडलेले थेंब आता मला रोज दिसतात. तिला दोन सहाणा दिसत होत्या. त्यातल्या नसलेल्या सहाणेवर ती पाणी सोडत होती. हात वर केला तो तेच सांगायला असणार, दुसरं काय असेल.

मुलीने मला एकदाच विचारलं, तिसऱ्या दिवशी, इस्पितळाच्या पायरीवर. "बाबा, तुमी सकाळी कामावर गेलात तेव्हा आई कशी होती?" मी म्हणालो, झोपली होती. कोळणीने पाहिलेला लेप आदल्या संध्याकाळचाच, असं सगळ्यांनी धरलं. मी धरू दिलं. इतकी वर्षं धरू दिलं. मुलीला आता सुना आल्या आहेत. ती हे वाचेल.

सकाळी ती झोपलेली नव्हती.

पहिल्या पाळीसाठी मी सहाला उठलो. ती जागी होती, तिथेच, संध्याकाळचा लेप तसाच कपाळावर. मी कोमट पाण्याने लेप धुतला. खाली सगळं लाल होतं, डाव्या बाजूला डोळा मिटण्याइतकं फुगलं होतं. हाताला कपाळ चांगलंच गरम लागलं. मी म्हणालो, "बघ, ओढलं." तिने मान माझ्याकडे वळवली नाही, नुसता उजवा डोळा वळवला. मला घाई होती.

मी सहाण घेतली. पाणी घालायला ती उठेना, म्हणून डाव्या हाताने मीच चमचा धरला आणि उजव्याने सुंठ फिरवली. लेप पातळ झाला. पुन्हा उगाळला. भुवयांच्या वर लावला, मधे लावला, नाकाला लावला, पापणीवर दोन थर दिले. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही, किंवा यायच्या आधीच मी तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

"सुकेपर्यंत बोलू नको," मी म्हणालो.

मग हात धुतले, डब्यात कालची भाकरी आणि गूळ घेतला, दार ओढून घेतलं आणि सायकल काढली.